घरी एसी पाठवण्याआधी

एप्रिल उजाडला की पुण्या-बंगळुरूच्या ऑफिस कँटीनमध्ये एक ठरलेलं संभाषण सुरू होतं. जळगाव, भुसावळ, धुळे, चोपडा, शिरपूर अशा गावांतून आलेली आम्ही मंडळी जेवता जेवता मोबाईलवर गावाचं तापमान बघतो. "आज चव्वेचाळीस आहे भो." "हॅ, आमच्या भुसावळला पंचेचाळीस!" (भुसावळकरांना याचाही थोडा अभिमान असतोच.) मग कोणीतरी निर्धाराने म्हणतं, "बास झालं. या वर्षी घरी एसी पाठवूनच देतो. दीड टन, फाइव्ह स्टार, नो कॉस्ट ईएमआय." बाकीचे माना डोलावतात.

भावना शंभर टक्के खरी आहे. पण इंजिनिअर म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. खानदेशात मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बहुतेक घरांसाठी, नीट निवडलेला आणि नीट चालवलेला कूलर हे एसीपेक्षा जास्त योग्य यंत्र आहे. 'नीट' हा शब्द दोनदा का आलाय ते पुढे कळेलच, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आधी, पाठवलेल्या एसीचं घरी काय होतं ते बघू. डिलिव्हरी येते, माणूस येऊन बसवून जातो, आई फोटो पाठवते. पहिल्या महिन्याचं बिल येतं. आपल्याकडे घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणजे जास्त युनिट वापरले की वरच्या युनिटना दरही जास्त लागतो. त्यानंतर एसीवर भरतकाम केलेलं एक सुंदर कव्हर चढतं आणि ते फक्त जावई आले की निघतं. आपण फोनवर विचारतो, "एसी लावता ना?" उत्तर येतं, "हो हो, लावतो की." आणि मागून पंख्याचा खडखडाट ऐकू येत असतो. :)

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, हवेचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की नुसत्या पंख्यावर विसंबू नका. शरीराच्या तापमानापेक्षा गरम हवा पंखा अंगावर फेकतो, म्हणजे जवळजवळ हेअर ड्रायरच. तरुण माणूस भरपूर घाम गाळून निभावून नेतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घामही कमी येतो आणि तहानही कमी लागते. म्हणजे बिलाच्या भीतीने एसी बंद आणि पंखा चालू हा दुपारी दोन वाजताचा सगळ्यात वाईट पर्याय आहे, आणि नेमका तोच आपल्या घरात चालू असतो. महाग यंत्र बंद पडून राहण्यापेक्षा स्वस्तात चालणारं यंत्र दिवसभर चालू राहिलेलं परवडलं.

थोडं फिजिक्स (पळू नका)

कूलर हवा 'थंड करून' सोडत नाही. तो पाण्याचं बाष्पीभवन घडवतो आणि त्या बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतून खेचली जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. यात एकच आकडा महत्त्वाचा आहे, वेट बल्ब तापमान. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की तो जे तापमान दाखवेल ते. जगातला कुठलाही साधा कूलर या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला कूलर बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यांतलं सुमारे ७० ते ८० टक्के अंतर कापतो.

आता गणित करू. मे महिन्यातली जळगावची दुपार समजा ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतो साधारण २३. म्हणजे अंतर २१ अंशांचं. त्यातलं पाऊण कापलं तर कूलरच्या तोंडाशी हवा मिळते २८ अंशांच्या आसपास. बाहेर ४४ आणि अंगावर २८! शिवाय वारा आहे, ताजी हवा आहे, आणि खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात नाक-घसा सुकतो त्याला थोडा ओलावाही मिळतो.

हाच कूलर मुंबईत लावा. ३३ अंश, ७० टक्के आर्द्रता, वेट बल्ब २८. कापायला अंतरच पाच अंशांचं. म्हणून मुंबईकर मित्र म्हणतो की "कूलर म्हणजे नुसता दमटपणा", आणि त्याच्या गावापुरतं त्याचं बरोबर असतं. चूक आपली होते. मुंबई-पुण्याचं शहाणपण आपण जसंच्या तसं जळगावला कुरिअर करतो.

पाण्याचा हिशोब

इथे लगेच कोणीतरी म्हणणार, "अरे पण पाणी?" बरोबर प्रश्न आहे. जळगाव काय, धुळं काय, कित्येक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. मोठा कूलर भर दुपारी तासाला १० ते १५ लिटर पाणी सहज पितो. आठ तासांचे धरा १०० लिटर. ही कूलरची खरी किंमत आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

पण एसी पाणी पीत नाही असं वाटत असेल तर भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राकडे बघा. तिथले ते डमरूसारखे प्रचंड मनोरे म्हणजे दुसरं काही नसून अवाढव्य कूलरच आहेत. हतनूर धरणाचं, म्हणजे आपल्याच तापीचं पाणी तिथे वाफ होऊन आकाशात जातं. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना घालून दिलेली मर्यादा आहे दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटला साडेतीन लिटर. दीड टनाचा एसी भर उन्हाळ्यात आठ तासांत ८ ते १२ युनिट घेतो. १० धरले तर ३५ लिटर पाणी, फक्त आपल्या घरात न दिसता. कूलर त्याच वेळात दीड-दोन युनिट घेतो.

म्हणजे पाण्यात कूलर एसीच्या सुमारे तिप्पट खर्चिक, विजेत पाच-सहा पट स्वस्त. ज्या घरी टँकर मागवावा लागतो तिथे हा हिशोब उलटा होईल, आणि तिथे मी कूलरचा हट्ट धरणार नाही. ज्या घरी बोअर किंवा बऱ्यापैकी मोठी टाकी आहे तिथे मात्र तो जमतो.

आणखी एक गोष्ट. मे महिन्यात वीज जाते. ट्रान्सफॉर्मर दमतो, लाईन ट्रिप होते. घरचा साधा इन्व्हर्टर एसी ओढू शकत नाही, पण २०० वॉटचा कूलर ओढतो. दीडशे अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीवर चार-पाच तास काढता येतात. (कूलर इन्व्हर्टरवर चालेल असा आहे ना, हे घेतानाच विचारा.) एसी नेमका जेव्हा हवा तेव्हाच बंद पडणार असेल, तर त्याच्या पाच स्टारचं करायचं काय?

निवडताना

१. आकार. खोलीचं घनफळ काढा आणि दोनाने भागा. १२ बाय १२ची खोली, १० फूट उंची, १४४० घनफूट. भागिले दोन, ७२०. म्हणजे मिनिटाला ७२० घनफूट हवा, दर दोन मिनिटांनी पूर्ण खोलीची हवा बदलली पाहिजे. खोक्यावर आकडा घनमीटर प्रति तासात असतो, म्हणून १.७ ने गुणा. झाले साधारण १२२५. कंपनीचा आकडा आदर्श परिस्थितीतला असतो, तेव्हा १८०० ते २००० लिहिलेला घ्या. आणि १० बाय १०च्या खोलीत हॉलचा राक्षस आणून बसवू नका. आवाज आणि पाणी दोन्ही फुकट जातं.

२. जागा. खिडकीला बाहेरून बसणारा कूलर घ्या. बाहेरची कोरडी हवा आत ओढणं हेच त्याचं काम. खोलीच्या मधोमध ठेवायचे, मोबाईलसारखे दिसणारे उंच देखणे प्रकार ऑफिसच्या टेबलापाशी ठीक आहेत, जळगावच्या मे महिन्यात नाहीत. शक्यतो उत्तरेची किंवा पूर्वेची खिडकी निवडा. पश्चिमेचीच असेल तर वरून सावली करा, पण तिन्ही बाजूंनी हवा मोकळी राहू द्या.

३. पॅड. गवतासारखे दिसणारे लाकडाच्या तुसांचे पॅड स्वस्त असतात, पण दर हंगामाला बदलावे लागतात, आणि ते खाली बसले की वर फट पडते. त्या फटीतून गरम हवा थेट आत येते. पुठ्ठ्याचे, मधाच्या पोळ्यासारखे जाड पॅड महाग, पण नीट राखले तर काही हंगाम टिकतात. वाळ्याच्या ताटीचा वास स्वर्गीय, यात वादच नाही. पण कूलरमध्ये वाळा लवकर कुजतो. हौस असेल तर पॅडवर वाळ्याचा पातळ थर द्या.

४. बर्फाचा कप्पा. हे निव्वळ मार्केटिंग आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं. तासाला दहा लिटर पाण्याची वाफ होत असताना दोन ट्रे बर्फाने काय होणार? तो बर्फ सरबतात टाका.

५. अंग. गावात बनवून मिळणारा पत्र्याचा कूलर दणकट असतो, हवा भरपूर देतो, आणि त्याची मोटर-पंप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. दुरुस्तीला गावात माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. त्याचे दोष दोनच, गंज आणि शॉक. शॉकबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे.

चालवताना

सगळ्यात मोठी चूक दारं-खिडक्या बंद करून कूलर लावण्याची. एसीची सवय झालेली मुलं सुट्टीत घरी जातात आणि पहिलं काम हेच करतात, "थंडावा बाहेर जातोय" म्हणून खिडक्या लावून घेतात. तासाभरात खोलीची कोंदट आंघोळीची न्हाणी होते आणि खापर कूलरवर फुटतं. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर गेलीच पाहिजे. समोरच्या बाजूची खिडकी दीड-दोन चौरस फूट तरी उघडी हवी. तपासायची सोपी युक्ती, त्या खिडकीपाशी उदबत्ती धरा. धूर बाहेर जायला हवा. आत येत असेल किंवा तिथेच घुटमळत असेल तर कुठेतरी गडबड आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वाफ होतं ते शुद्ध पाणी. क्षार सगळे टाकीत राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरला ८०० मिलिग्रॅम क्षार धरले आणि रोज १०० लिटर पाणी उडालं, तर रोज ८० ग्रॅम क्षार मागे उरतात. महिन्याला जवळजवळ अडीच किलो! पॅडवर जमणारा तो पांढरा थर हाच. म्हणून रोज टॉपअप करत बसण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी काढून अंगण धुवायला वापरा. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कूलरमध्ये टाकायची कल्पना ऐकायला छान वाटते, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते फरशीलाच बरं.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, आतून घासून, कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी काठाला चिकटून बसतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासावं लागतं.

आणि आता शॉक. दर उन्हाळ्यात खानदेश-विदर्भाच्या बातम्यांत कूलरचा धक्का लागून कोणीतरी गेल्याचं वाचायला मिळतं. पत्र्याचं अंग, ओली जमीन, ओले हात आणि अनवाणी पाय. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसरी पिन भिंतीत कशालाच जोडलेली नसते. यावर उपाय दोन. एक, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग खरोखर आहे का ते मोजून घ्या. दोन, मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट शरीरातून जमिनीकडे गळायला लागला की तो क्षणार्धात वीज तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही. त्याला जास्त करंट कळतो, आणि माणूस मरायला लागणारा करंट त्याच्या हिशोबी काहीच नसतो. आणि घरातल्या सगळ्यांसाठी एक नियम, पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा. दर वेळी. "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणणाऱ्यांना जास्त वेळा सांगायचं.

कूलर कुठे हरतो

एकांगी लिहिलं तर ते जाहिरातीसारखं होईल, म्हणून हेही सांगतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग येतात, पाऊस येत नाही. तापमान ३६, आर्द्रता ५५ टक्के, वेट बल्ब २८च्या वर. आता कूलर फार तर ३० अंशांची हवा देईल, आणि तीही चिकट. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवा. मोबाईलवर तापमान बघतो तसा आर्द्रतेचा आकडाही बघायची सवय लावा. दुपारी तो ३०च्या आत असेल तर कूलर राजा, ५०च्या वर गेला की त्याला विश्रांती.

अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात हाच प्रकार आहे. तिथेही कोरडा उन्हाळा आणि मग जुलैपासून पावसाळी दमट हवा. तिथल्या काही घरांत दोन्ही यंत्रं असतात, कोरड्या महिन्यांत कूलर आणि दमट आठवड्यांत एसी. घरी कोणी आजारी असेल, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आपल्याकडेही एका, एकाच खोलीत एसी असावा आणि तो २६-२७ वर लावावा. माझा विरोध एसीला नाहीच. गावचं हवामान न बघता तो कुरिअर करण्याला आहे.

आणि कूलर असो की एसी, डोक्यावरच्या स्लॅबचं काय? खानदेशातली जुनी धाब्याची घरं आठवा. वर मातीचा जाड थर, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. आपण ती पाडून चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब टाकला, आणि तो संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखा खोलीवर तापत राहतो. कूलर हवा गार करतो, स्लॅबमधून येणारी धग तो थांबवू शकत नाही. गच्चीला मार्चमध्ये पांढरा चुना किंवा उन्हाचा पांढरा रंग दिला, तर हे ओझं बरंच उतरतं. सगळ्या यादीतलं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही.

तर माझी यादी अशी. गच्चीला पांढरा रंग, अर्थिंगची तपासणी, आरसीसीबी, मापाचा खिडकीचा कूलर, नवे पॅड, समोरची उघडी खिडकी. दीड टनाच्या एसीपेक्षा हे सगळं मिळून स्वस्तात होतं. अडचण एवढीच आहे की यातलं बहुतेक काम ऑनलाइन ऑर्डर करता येत नाही. गच्चीवर चढावं लागतं, इलेक्ट्रिशियनच्या मागे लागावं लागतं, आई-बाबांना प्लग काढायची सवय लावावी लागते. त्याला मार्चमधला एक शनिवार-रविवार घरी काढावा लागतो. ईएमआयपेक्षा ही रजा मिळवणं अवघड आहे, हे मलाही माहीत आहे. पण महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट वेळेत काढलं तर जमतं. शेवटच्या आठवड्यात बघाल तर वेटिंगच मिळेल.